निळी फीत नेमकी कशासाठी?

१९११ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या जत्रेत लोकांना दोन नव्या गोष्टी पाहायला मिळाल्या. पहिली म्हणजे खऱ्या गाईएवढी लोण्याची गाय. ही गाय आजही दर ऑगस्टमध्ये डी मॉइन शहरातल्या जत्रेच्या मैदानावर, काचेमागच्या थंड खोलीत उभी असते. आत लाकूड आणि तारेचा सांगाडा, त्यावर थापलेलं सुमारे २७० किलो लोणी. जत्रा संपली की ते खरवडून ठेवतात आणि पुढची काही वर्षं तेच पुन्हा वापरतात. तिच्यासमोर रांग लागते, फोटो निघतात. आयोवाची जत्रा म्हटलं की अनेकांना हीच गाय आठवते.

दुसरी गोष्ट कुणी फारशी आठवत नाही. त्याच वर्षी, त्याच जत्रेत तान्ह्या बाळांची स्पर्धा सुरू झाली. मेरी वॉट्स या बाईंच्या पुढाकाराने डॉक्टरांनी बाळांचं वजन, उंची, डोक्याचा घेर, दात, डोळे तपासले आणि गुण दिले, वजा केले. गाईगुरांचं परीक्षण ज्या गुणपत्रिकेवर होतं तिच्याच धर्तीवर ही गुणपत्रिका बेतली होती. त्यामागचा विचार साधा, म्हटलं तर चांगलाही होता. शेतकरी डुकरांची आणि वासरांची पैदास सुधारायला एवढी मेहनत घेतात, तर मग स्वतःच्या पोरांच्या तब्येतीकडे का पाहत नाहीत? बालमृत्यू तेव्हा भरपूर होते. आपल्या मुलाचे गुण कुठे गेले हे कळल्यावर काही आया नक्कीच दुधाच्या स्वच्छतेकडे जास्त लक्ष देऊ लागल्या असतील.

या दोन गोष्टींपैकी जत्रेचा खरा स्वभाव मला दुसरीत दिसतो. लोण्याची गाय हा देखावा आहे, गुणपत्रिका हे यंत्र आहे. अमेरिकेतली राज्य जत्रा (तिथे तिला स्टेट फेअरच म्हणतात) पाळणे, तळलेले पदार्थ आणि गाण्यांच्या मैफिली यांनी गजबजलेली असली, तरी तिच्या मुळाशी परीक्षण आहे. लोक आपली वस्तू घेऊन येतात, परीक्षक ती पाहतो, चारचौघांत निकाल देतो, पहिल्याला निळी फीत मिळते. जत्रा ज्याला फीत देते ते राज्यात वाढत जातं. म्हणूनच ही फीत कशाला द्यायची हा प्रश्न जत्रेच्या कार्यकारिणीपुरता न राहता सगळ्या राज्याचा होतो, आणि आयोवासारखी राज्यं आज त्याचं उत्तर चुकवत आहेत असं माझं म्हणणं आहे.

आपल्या जत्रेला देव लागतो. खंडोबा, भैरोबा, यल्लम्मा, नाहीतर एखाद्या पिराचा उरूस. बाजार, तमाशा, कुस्त्या हे त्याच्या आधाराने येतात. अमेरिकेतल्या जत्रेचा जन्म मात्र सरळ मेंढ्यांपासून झाला. एल्काना वॉटसन नावाच्या गृहस्थांनी १८०७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावच्या चौकात, एका झाडाखाली दोन मेरिनो मेंढ्या बांधल्या. लोकांनी ही उत्तम लोकर पाहावी एवढाच हेतू होता. पण दोन मेंढ्या पाहायला एवढी माणसं जमली की वॉटसन यांच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. काही वर्षांतच तिथे बर्कशायर कृषी संस्था उभी राहिली आणि जनावरांना बक्षिसं देणारं वार्षिक प्रदर्शन भरू लागलं. पुढे बायकांनी घरी विणलेल्या कापडालाही बक्षिसं ठेवली गेली. प्रदर्शनाला स्पर्धेची जोड दिल्याशिवाय शेतकरी घरचं कसब बाहेर आणणार नाही, हे वॉटसन यांना बरोबर कळलं होतं.

राज्याच्या पातळीवरची पहिली जत्रा न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला १८४१ मध्ये भरली. आयोवाची पहिली जत्रा १८५४ च्या ऑक्टोबरात फेअरफील्ड गावी तीन दिवस झाली. आयोवाला राज्याचा दर्जा मिळून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. त्या जत्रेत बायकांच्या घोडेस्वारीची स्पर्धा होती, आणि परीक्षकांनी दुसरीलाच बक्षीस दिल्यावर गर्दीने आपल्या आवडत्या एका लहान मुलीसाठी जागेवरच वर्गणी गोळा केली. परीक्षकाचा निकाल प्रेक्षकांना पटलाच पाहिजे असं नाही, ही परंपरा इतकी जुनी आहे. पुढे जत्रा गावोगाव फिरत राहिली, १८७९ मध्ये डी मॉइनला आली आणि १८८६ पासून आजच्याच मैदानावर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि कोविडच्या २०२० मध्ये ती भरली नाही. २०१९ मध्ये अकरा दिवसांत ११ लाख ७० हजारांहून जास्त लोक फाटकातून आत गेले. राज्याची लोकसंख्या ३२ लाखांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं.

इतकी माणसं जमतात तिथे पुढारी येणारच. अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की सगळे इच्छुक आयोवाच्या जत्रेत काडीला टोचलेली डुकराच्या मांसाची चॉप खाताना दिसतात. पण एकदा एक पुढारी वेगळंच बोलून गेला होता. ३० सप्टेंबर १८५९ रोजी मिलवॉकीला विस्कॉन्सिन राज्याच्या जत्रेत अब्राहम लिंकन यांचं भाषण झालं. तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष व्हायचे होते. शेतकऱ्यांची नुसती खुशामत करण्यासाठी आपल्याला बोलावलेलं नसावं, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. मग जमिनीची जितकी ताकद आहे तितकं पीक आपण काढत नाही, जास्त जमिनीच्या मागे लागण्यापेक्षा आहे ती नीट कसावी, हा मुद्दा त्यांनी हिशेब मांडून समजावला. आजच्या उमेदवाराने जत्रेत उभं राहून शेतकऱ्याला त्याची चूक दाखवायची कल्पना करून पाहा. चॉप संपायच्या आत प्रचार संपेल.

परीक्षण कसं चालतं हे थोडं सांगायला हवं, कारण माझा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. रिंगणात वासरं किंवा डुकरं फिरवतात. परीक्षक चालीकडे, पायांकडे, पाठीच्या रेषेकडे पाहतो, हात लावून बघतो, क्रम लावतो. मग माइक हातात घेऊन कारणं सांगतो: पहिलीला दुसरीच्या वर का ठेवलं, दुसरीत काय चांगलं आहे, तिसरी कुठे कमी पडली. फोर-एच या ग्रामीण मुलांच्या चळवळीत तर मूल आपण शिवलेला कपडा किंवा केलेला पाव घेऊन परीक्षकासमोर बसतं, आणि परीक्षक त्याच्याशी बोलत बोलत गुण देतो. आयोवातल्या पेज परगण्यात जेसी फील्ड या शिक्षिकेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळकरी मुलांची जी मंडळं काढली, त्यांतून ही चळवळ आकाराला आली. निकालामागचं कारण चारचौघांत ऐकवणं ही मला या जत्रेतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. हरलेला मुलगा घरी जाताना पुढच्या वर्षी काय करायचं हे घेऊन जातो.

पण परीक्षकाची नजर कितीही तयार असली तरी निकषच चुकीचा असेल तर काय? याचं उत्तर आयोवाच्याच एका मुलाने शोधलं. विसाव्या शतकाच्या आरंभी मक्याच्या कणसांच्या स्पर्धांचं मोठं पेव फुटलं होतं. कणीस सरळसोट हवं, दाण्यांच्या ओळी शिस्तीत हव्यात, टोक शेवटपर्यंत भरलेलं हवं. देखणं कणीस म्हणजे उत्तम बियाणं, असा समज होता. कृषी महाविद्यालयातले प्राध्यापक पी. जी. होल्डन हे या विद्येचे मोठे प्रचारक. हेन्री वॉलेस नावाच्या शाळकरी मुलाला ते पटेना. १९०४ मध्ये त्याने बक्षीसपात्र कणसांचे आणि नापास कणसांचे दाणे वेगवेगळ्या ओळींत पेरले आणि आलेलं पीक मोजलं. देखणेपणाचा आणि उत्पन्नाचा काही संबंध निघाला नाही. मानाची कणसं मागे पडली आणि ओबडधोबड कणसांनी बाजी मारली. तो मका शेवटी डुकरांच्याच पोटात जायचा, आणि डुकराला कणसाच्या ओळी मोजता येत नाहीत. १९२० मध्ये आयोवात मक्याच्या उत्पन्नाची स्पर्धा सुरू झाली. तिच्यात शेतात मोजलेलं पीकच धरलं जाई. वॉलेस यांनी १९२६ मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, पुढे ते देशाचे कृषिमंत्री आणि उपराष्ट्राध्यक्ष झाले. स्पर्धेचा निकष बदलल्यावर काही दशकांत साऱ्या मध्य-पश्चिमेचं शेत बदललं.

निकषाचा दुसरा धडा कडू आहे. बाळांच्या स्पर्धेला सुजननशास्त्राचा, म्हणजे निवडक माणसांची पैदास वाढवून मानववंश सुधारता येतो या विचाराचा, पुरस्कार करणारे वैज्ञानिक चिकटले. बाळ तपासण्याआधी त्याच्या वंशाला गुण द्या, असा सल्ला त्यांच्यातले एक पुढारी चार्ल्स डॅव्हनपोर्ट यांनी वॉट्सबाईंना दिला होता. १९२० मध्ये त्याच मेरी वॉट्स आणि डॉ. फ्लॉरेन्स शेरबॉन यांनी कॅन्ससमधल्या टोपीकाच्या जत्रेत ‘सुदृढ कुटुंबां’ची स्पर्धा सुरू केली. अख्ख्या कुटुंबाची तपासणी, पूर्वजांचे आजार आणि स्वभाव यांची नोंद, आणि वरच्या श्रेणीत आलेल्यांना उत्तम वारसा लाभल्याची ग्वाही देणारं पदक. इंडियाना राज्याच्या जत्रेत १९२० ते १९३२ अशी बाळांची स्पर्धा चालली. तिच्यात कृष्णवर्णीय बाळांना प्रवेशच नव्हता. ही तीच वर्षं, जेव्हा अमेरिकेतली अनेक राज्यं ‘अयोग्य’ ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करत होती. जत्रेने हा कायदा केला नाही. पण माणसांनाही प्रतवारी लावता येते, आणि ती लावण्यात काही वावगं नाही, ही सवय लाखो सज्जन शेतकरी कुटुंबांना हसतखेळत, पाव आणि भोपळ्याच्या बक्षिसांच्या शेजारी लागली.

जत्रा ‘सर्वांची’ असते असं म्हणणाऱ्यांनी टेक्ससची गोष्टही आठवावी. डॅलसच्या जत्रेत कित्येक दशकं कृष्णवर्णीयांसाठी एक वेगळा दिवस राखून ठेवलेला असे. १९५५ मध्ये नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या ज्वानिटा क्राफ्ट यांच्या मार्गदर्शनाखाली तरुणांनी फाटकावर निदर्शनं केली, आणि तरीही सगळी दारं सगळ्या दिवशी उघडायला साठचं दशक उजाडावं लागलं. जुन्या जत्रेच्या आठवणीने गळा काढणाऱ्या लेखांत हा दिवस सहसा सापडत नाही.

अलीकडच्या काळातला निकषाचा गोंधळ वेगळ्या प्रकारचा आहे. मोठ्या जत्रांत विजेत्या वासराच्या लिलावाला एवढा पैसा मिळू लागला की १९९४ मध्ये ओहायोच्या जत्रेत औषधं टोचून, कातडीखाली भर घालून जनावरं ‘सुधारल्याचं’ उघड झालं आणि विजेती जनावरं बाद करावी लागली. त्यानंतर नियम कडक झाले हे खरं. पण मला त्याहून मोठी फसवणूक दुसरीच वाटते, आणि तिच्यात कुणी इंजेक्शन घेऊन पकडलं जात नाही. रिंगणात दिसणारी शेती आणि राज्यात चालणारी शेती यांचा आता फारसा संबंध उरलेला नाही.

आयोवात १९८० च्या सुमाराला साठ हजारांहून जास्त शेतकरी डुकरं पाळत. आज ही संख्या सहा हजारांच्या आसपास आहे, आणि डुकरं मात्र दोन कोटींच्या वर, म्हणजे माणशी सातेक. त्यांतली बहुतेक जन्मभर लांबलचक बंद शेडमध्ये राहतात. जत्रेतलं धुऊन-पुसून आणलेलं, मुलाच्या काठीच्या इशाऱ्यावर चालणारं डुक्कर प्रदर्शनासाठीच पैदा केलेल्या वाणाचं असतं. शेडमधल्या डुकरांच्या मलमूत्राचं आणि मक्याच्या खताचं काय होतं, हे डी मॉइनच्या नळाला कळतं. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने १९९२ मध्ये नायट्रेट काढण्याचा खास प्रकल्प उभारला, २०१५ मध्ये वरच्या भागातल्या परगण्यांच्या निचरा मंडळांवर (शेतातलं जादा पाणी जमिनीखालच्या नळ्यांवाटे नदीकडे सोडणाऱ्या संस्थांवर) खटला भरला आणि २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. २०२५ च्या जूनमध्ये नायट्रेट इतकं वाढलं की ते काढून पुरेसं पाणी पुरवणं जड गेलं आणि शहर आणि आसपासच्या लोकांना अंगणातल्या हिरवळीला पाणी घालायची बंदी झाली. दोन महिन्यांनी त्याच शहरात जत्रा भरली. सगळ्यात जड डुकराची स्पर्धा ठरल्याप्रमाणे झाली; तिथे साडेचारशे किलोंच्या वरचं धूड ही नेहमीची गोष्ट आहे.

मला त्या धुडाचा राग नाही. जत्रेत गंमत हवीच, आणि लोळत पडलेला अगडबंब डुक्कर पाहायला पोरांना मजा येते. माझा आक्षेप न होणाऱ्या स्पर्धांबद्दल आहे. शंभर वर्षं एकाच घराण्याकडे राहिलेल्या शेताचा जत्रेत समारंभपूर्वक सन्मान होतो, दीडशे वर्षांच्या शेताचा वेगळा. या शंभर वर्षांत त्या शेतातली वरची काळी माती किती उरली, हे कुणी विचारत नाही. आयोवाने नांगरट सुरू झाल्यापासून निम्म्याच्या आसपास सुपीक माती गमावली, असं तिथले मृदाशास्त्रज्ञ सांगत आले आहेत. पर्यावरणाची काळजी घेणाऱ्या शेतकऱ्यांनाही जत्रेत पुरस्कार देतात, हे मान्य करायला हवं. पण तो पुरस्कार म्हणजे प्रमाणपत्र, गव्हर्नरशी हस्तांदोलन आणि फोटो. त्यात रिंगण नाही, तुलना नाही, पहिला-दुसरा नाही, आणि माइकवरून कारणं तर नाहीतच. ज्या जत्रेला लोणच्याच्या दोन बरण्यांमधला फरक समजावून सांगता येतो, तिने मातीच्या बाबतीत सगळ्यांना सारखंच शाबास म्हणून मोकळं व्हावं?

मातीची स्पर्धा रिंगणात घेता येते. वर्षानुवर्षं नांगरलेल्या शेतातलं ढेकूळ पाण्याच्या बरणीत जाळीवर ठेवलं की ते बघता बघता विरघळून तळाशी बसतं. आच्छादन-पिकं (माती उघडी पडू नये म्हणून पेरलेली पिकं) घेतलेल्या, न नांगरलेल्या शेतातलं ढेकूळ तसंच तग धरतं. कृषी विस्तार कार्यकर्ते शिवारफेरीत हे नेहमी दाखवतात. फोर-एचच्या मुलांनी घरच्या शेताचं ढेकूळ, निचऱ्याच्या नळीतल्या पाण्याचा नमुना आणि वर्षभराची खताची वही घेऊन परीक्षकासमोर बसावं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट-नायट्रोजन चालत नाही ही देशाची मर्यादा आहे. त्याच मापाने नळीतल्या पाण्याची तुलना करावी. पहिलं येणाऱ्याला वासराच्या लिलावाइतके नाही, तरी नजरेत भरतील एवढे पैसे द्यावेत. बापाने शेत जसं केलं तसं पोराला मांडावं लागेल, ही अडचण मला दिसते. वासराच्या बाबतीतही ती असतेच.

यावर नेहमीचं उत्तर येतं: जत्रा लोकांच्या पैशावर चालते आणि लोक मजा करायला येतात, फीत कशाला द्यायची हे फाटकावरचा गल्ला ठरवणार. मिशिगनचं उदाहरण त्यासाठी पुढे करतात. १८४९ पासूनची ती जत्रा २००९ नंतर राज्याने पैसे देणं थांबवल्यावर बंद पडली, आणि काही वर्षांनी खाजगी रूपात दुसऱ्या जागी सुरू झाली. पण मिनेसोटाची जत्रा १९४९ पासून सरकारी अनुदान घेत नाही, तरी २०१९ मध्ये तिथे २१ लाखांहून जास्त लोक गेले. त्याच जत्रेत धान्याचे दाणे चिकटवून केलेल्या चित्रांची स्पर्धा दर वर्षी रांगा खेचते, आणि त्या चित्रांत राजकारणावर भरपूर टोमणे असतात. म्हणजे गर्दीला विचार चालत नाही हा समज गर्दीवर अन्याय करणारा आहे. अडसर बहुधा गर्दीचा नसतोच. ज्यांच्या पैशावर मंडप आणि बक्षिसं उभी राहतात त्यांना नळीतलं पाणी मोजलेलं नको असतं, असा माझा अंदाज आहे. अनुदान नसलं तरी राज्य जत्रेच्या नावात ‘राज्य’ आहे, आणि तेवढ्यावर तिथल्या नागरिकांनी हा हट्ट धरायला हरकत नाही.

स्पर्धेचा निकष माती-पाणी असू शकतो, हे मराठी वाचकाला पटवायची गरज पडू नये. २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झालेल्या वॉटर कपने गावंच्या गावं उन्हात कुदळी घेऊन उतरवली होती. पहिल्या वर्षी साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू जिंकलं. त्याआधी गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावांनी गुणांसाठी गटारं बांधली होती. आणि निकषाचा धडा तिथेही मिळाला. वॉटर कपच्या गुणांचा मोठा भाग खणलेल्या घनमीटरांना होता, म्हणून लोकांनी घनमीटर खणले. साठलेल्या पाण्याचं पुढे काय करायचं, कोणतं पीक घ्यायचं, हा प्रश्न नंतरच्या स्पर्धांत पुढे आला.

आपल्याकडे राज्य जत्रेच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची यात्रा. खंडोबाच्या पालखीबरोबर तिथे जिल्हा परिषद पशुप्रदर्शन भरवते. लाल कंधारी, देवणी गाईबैलांपासून घोडे, कुत्रे, कोंबड्यांपर्यंत सगळ्यांना बक्षिसं असतात, शिवाय कुस्त्या आणि लावणी महोत्सव. परीक्षक दात बघतात, त्यांवरून वय ओळखून आदत, दोन दाती, चार दाती असे गट पाडतात. वशिंड, शिंगं, खूर, रंग पारखतात. ही नजर पिढ्यान्‌पिढ्या घडलेली आहे आणि ती टिकायलाच हवी. पण औतकाम ट्रॅक्टरकडे गेल्यावर या जातींना शेतात काय काम उरलं, कमी चाऱ्यावर कोणती गाय किती वेतं देते, तिच्या शेणखताने कुणाची जमीन सुधारली, यांना गुण नसतील, तर रुबाबदार वळू उरेल आणि गावातली दावण मोकळी होईल. पारड्यात हेही टाकायला हवं, आणि आयोवाकडून घ्यायची असेल तर एकच रीत घ्यावी. आपल्याकडे बहुतेक प्रदर्शनांत पाहुण्यांचे सत्कार तासभर चालतात आणि निकालाची नुसती नावं वाचली जातात. दुसरा नंबर दुसरा का आला हे परीक्षकाने पशुपालकाला दोन वाक्यांत तिथल्या तिथे सांगावं. त्याला ना निधी लागतो ना शासन निर्णय. ध्वनिक्षेपक आधीच लावलेला असतो.